लाल रेघेच्या वर

मद्रासला जायचं झालं तर नोव्हेंबरात जाऊ नका. एवढंच सांगायला हा सगळा लिहिण्याचा खटाटोप आहे, तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

मी सोलापूरचा माणूस. आमच्याकडे पावसाचं फार कौतुक, कारण तो येत नाही. आला तरी दिवाळीच्या आत हात झटकून निघून जातो आणि छत्र्या माळ्यावर पडतात. मद्रासमध्ये नेमक्या तेव्हा त्या खाली काढतात. देशभरात वाटून उरलेलं सगळं पाणी शेवटी या गावावर ओतायचं, असं कुणीतरी ठरवून टाकलेलं दिसतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला, अशाच एका नोव्हेंबरात, आमच्या कारखान्याने मला नव्या यंत्रांचे नकाशे शिकून घ्यायला महिनाभर तिकडे धाडलं. शिकवणारं ऑफिस नुंगंबाक्कमला होतं. साहेब म्हणाले, जाताय तर समुद्र बघून या. समुद्र बघायला मला कुठे जावं लागलं नाही. रोज सकाळी तो गाडीच्या तळातून माझ्या पायांशी येत होता.

पेरुंगुडी

उतरलो सेतुमाधवरावांकडे. माझ्या बायकोचे हे लांबचे काका. यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिथेच राहिले. मराठी मात्र जाताना नेलेली तशीच जपून ठेवली. दारात उभे राहून ते म्हणाले, ‘‘यावें, जावई, यावें. प्रवास सुखाचा झाला कीं?’’ मला क्षणभर वाटलं, मागे कुणी सरदार उभा आहे आणि हे त्याच्याशी बोलतायत. ‘हवं’च्या जागी ते ‘होणें’ म्हणत. कॉफी होणें कीं? आंघोळीला ऊन पाणी होणें कीं? आणि दर चार वाक्यांनी तामिळमधलं ‘परवाइल्ले’, म्हणजे काही हरकत नाही, चालायचंच. या एका शब्दाने मला महिनाभरात जेवढं छळलं तेवढं पावसानेही छळलं नसेल. भिंतीला ओल आली, परवाइल्ले. दिवे गेले, परवाइल्ले. मी सोलापुराहून नेलेल्या शेंगाच्या चटणीला चौथ्या दिवशी बुरशी आली, तर रुक्मिणीकाकूंनी तीही परवाइल्ले म्हणूनच फेकली.

नवराबायको दोघंच घरात. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढून निवृत्तीच्या तोंडावर सेतुरावांनी स्वतःचं घर बांधलं, आणि ते बांधायला त्यांना सापडलं कुठे, तर पेरुंगुडी. एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला रिकामे प्लॉट, मधून महाबलीपुरमला जाणारा जुना रस्ता. बगळ्यांची सोय उत्तम. माणसांना बस तासाला एक, तीही आली तर. म्हणून घराबरोबर त्यांनी गाडी घेतली, जुनी, राखी रंगाची, चार दरवाज्यांपैकी तीन उघडणारी. घराचा प्लॉट भर घालून दोन हात उंच केलेला होता, पण समोरचा रस्ता होता तिथेच, खाली. त्यामुळे पाऊस पडला की घर कोरडं आणि दारापुढे तळं.

आणि या तळ्यात उभं राहून लोक काय करत, तर पाण्याची वाट बघत. ही गोष्ट सोलापुरात कुणाला खरी वाटत नाही. पेरुंगुडीच्या विहिरींचं पाणी मचूळ, नळ अजून यायचे होते, म्हणून रोज सकाळी साडेसात-पावणेआठला पाण्याची लॉरी येई. पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, डोक्यावर छत्री, कमरेला प्लास्टिकची रंगीत घागर, आणि लॉरी आली नाही म्हणून सगळे चिंतेत. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून रांगेत सेतुराव उभे राहत. चार घागरी भरून आणल्याशिवाय घरात चूल पेटत नसे आणि ते ऑफिसला निघत नसत.

ऑफिस जॉर्ज टाउनमध्ये, बंदराजवळच्या एका जुन्या व्यापारी कंपनीत. चौतीस वर्षं त्यांनी तिथे कारकुनी केली होती. आणि चौतीस वर्षांत एकदाही त्यांना उशीर झाला नव्हता.

हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, पण बढाई मारून नाही. वजन किंवा उंची सांगावी तसं. त्या ऑफिसात हजेरीच्या वहीत रोज नवं पान. जो जसा येईल तसा त्याने नाव आणि वेळ लिहून सही करायची. नऊ चाळीसला मॅनेजर शेवटच्या सहीखाली लाल शाईने रेघ ओढणार. रेघेच्या वरचे वेळेवर, खालचे उशिरा. सेतुरावांनी रजा घेतल्या होत्या, देवी आल्या तेव्हा, लेकीच्या लग्नात, आई गेली तेव्हा. पण कामावर गेले त्या दिवशी रेघेच्या वरच. आणि त्या ऑफिसची एक रीत होती. जो निवृत्त होतो त्याला शेवटच्या दिवशी मॅनेजर आपल्या खुर्चीत बसवतो, हातात लाल पेन देतो, आणि त्या दिवसाची रेघ त्याने ओढायची.

‘‘ह्या महिन्याच्या तीस तारखेला रेघ मी ओढतों,’’ ते म्हणाले आणि कॉफी एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून ओतायला लागले. मला हसू आलं. माणसाने आयुष्यभर राबावं आणि शेवटी बक्षीस काय, तर एक रेघ. मी मनात म्हटलं, आमच्या ड्रॉइंग ऑफिसात मी दिवसाला तीनशे ओढतो.

सैदापेटच्या पुलापर्यंत

आता गाडीबद्दल. सेतुराव मला नुंगंबाक्कमला सोडून पुढे जॉर्ज टाउनला जात. कोरड्या दिवशी सगळा मिळून पाऊण तासाचा रस्ता. कोरडे दिवस मी एकूण तीन पाहिले.

गाडीला वायपर दोन, चालणारा एक, तोही चालवणाऱ्याच्या बाजूचा, आणि मनात आलं तर. म्हणून सेतुराव रोज निघताना अर्धा बटाटा कापून काचेवर बाहेरून चोळत. बटाटा चोळला की पाणी काचेवर थांबत नाही, असं शास्त्र. मी ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, बटाट्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो, पण खरं सांगायचं तर थोडा फरक पडायचा. आतून काचेवर वाफ धरायची ती पुसायचं काम माझं. पायाखालचा पत्रा गंजून दोन ठिकाणी गेलेला, तिथून पाणी येई, म्हणून बूट-मोजे पिशवीत घालून पिशवी मांडीवर. असा मी, अनवाणी, पाय वर घेऊन, हातात फडकं, मांडीवर बूट, रोज शिकायला जात होतो. सोलापुरात ऑफिसला जाताना माझ्या सायकलीची घंटा ऐकून लोक बाजूला होतात.

रस्त्यावर कुणी बाजूला होत नसे. बसवाले तर पाण्यात मुद्दाम जोर लावत. एक बस शेजारून गेली की एक लाट गाडीच्या खिडकीवर, दुसरी बाजूच्या सायकलवाल्यावर, आणि तो सायकलवाला लुंगी वर खोचून, तोंड पुसून, पुढे चालायला लागे. भांडणसुद्धा करत नसे. मला त्याचाच राग यायचा. सिग्नल पाण्यात बंद पडलेले. पोलीस रेनकोट घालून दुकानाच्या वळचणीला. अड्यारकडून सैदापेटच्या पुलापर्यंतचा शेवटचा एक मैल जायला एकदा आम्हाला पस्तीस मिनिटं लागली, आणि त्या पस्तीस मिनिटांत सेतुरावांनी मला तंजावरच्या आंबट भाजीची पूर्ण कृती सांगितली. भाजी कशी शिजवायची हे मी विचारलं नव्हतं.

पाण्यात गाडी घालायची तर पहिला गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर दाबून धरायचा, थांबायचं नाही, हे त्यांना उत्तम जमे. तरी आठवड्यातून दोनदा गाडी बंद पडे. मग ते शांतपणे उतरत, सीटखालून एक पत्र्याचा डबा काढत, डब्यात खास यासाठी ठेवलेला कोरडा बनियन, त्याने इंजिनातली कसलीशी टोपी पुसत, फुंकर घालत, आणि गाडी सुरू होई. यात कधी पाच मिनिटं जात, कधी वीस. पण माणूस इतका लवकर घरातून निघालेला असे की नऊ वीस, नऊ पंचवीसला त्यांची सही वहीत पडलेलीच. मला मात्र वाटायचं, या गाडीपेक्षा बैल बरा, निदान त्याला शिव्या तरी पोचतात.

निघालेलं माणूस

पण गाडी एकवेळ परवडली. परवडला नाही तो राहुकाळ.

आमच्याकडेही मुहूर्त बघतात, लग्नाला, वास्तुशांतीला. ऑफिसला जायला कुणी बघत नाही. मद्रासमध्ये रोजच्या दिवसातला दीड तास राहूच्या मालकीचा, आणि तो रोज वेगळा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो छापलेलाच असतो. त्या वेळात नवं काम नाही, घरातून प्रस्थान नाही. मंगळवारी दुपारी तीनला राहुकाळ असला तर आपलं काय जातं? पण सोमवारी तो असतो साडेसात ते नऊ. म्हणजे नेमका ऑफिसला निघायचा वेळ.

पहिल्या सोमवारी मी बघतच राहिलो. सात वीसला सेतुरावांनी गाडी काढली, फाटकाबाहेर नेली, रस्त्याच्या कडेला उभी केली, पुढच्या सीटवर आपली छत्री आणि तांदूळ-सुपारीची एक पुरचुंडी ठेवली, किल्ली तिथेच सोडली, आणि परत घरात आले. मग घागर घेऊन रांगेत गेले, पाणी आणलं, आंघोळ, पूजा, इडली, आणि सव्वाआठला, भर राहुकाळात, बिनघोर निघाले. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, प्रस्थान सात वीसलाच ठेवलं. प्रवास तेव्हाच सुरू झाला. आता फक्त माणूस गाडीत बसायचा राहिला होता. माझ्या आजीच्या तोंडी मी हे ऐकलेलं होतं, लांबच्या गावाला जाताना आदल्या दिवशी शेजारी गाठोडं ठेवायचं. ती आजी गेली, तिच्याबरोबर आमच्याकडची ती रीतही गेली. इथे या माणसाने ती मोटारगाडीला जोडून घेतली होती.

मी म्हटलं, मग सात वीसला सरळ निघायचंच ना. ते म्हणाले, पाणी कोण आणणार? मी म्हटलं, रांगेत जाता तेही घराबाहेरच की. ते म्हणाले, पाण्याला जाणं हा प्रवास नव्हे, घागर घेऊन माणूस घरीच येतो. प्रत्येकाला उत्तर तयार. जिथे नेमकं डोकं चालवायचं, म्हणजे गटारं, रस्ते, वायपर, तिथे परवाइल्ले, आणि राहूला चकवायला एवढी वकिली. मी सोलापूरला बायकोला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराची दोन पानं टिंगल केली.

एक नियम मात्र कडक होता. गाडी एकदा निघाली की परत घराकडे वळायची नाही. वळली की प्रस्थान मोडलं. दुसऱ्या आठवड्यात मी चष्मा उशाशी विसरलो. फाटकापासून पन्नास पावलांवर आठवलं. म्हटलं, काका, थांबवा, पळत जाऊन आणतो. ते म्हणाले, ‘‘निघालेलें माणूस मागें फिरत नाहीं, जावई,’’ आणि गाडी चालतीच ठेवली. तो सबंध दिवस मी नकाशे नाकाला लावून वाचले. शिकवणारे इंजिनियर मला विचारत होते, सोलापुरात डोळ्यांचे डॉक्टर नाहीत का?

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी बोललो नाही. रात्री काकूंनी मला आवडते म्हणून पिठलं केलं आणि वाढताना हळूच म्हणाल्या की यांना मनातून फार लागलंय, पण तुम्ही जावई, तुमच्यापुढे बोलता येत नाही. मी पिठलं खाल्लं. राग काही गेला नाही.

तीस तारीख, सोमवार

महिन्याची शेवटची तारीख सोमवारी आली. दोन दिवस आधीपासून वादळाचा पाऊस लागला होता, रेडिओवर समुद्रात कुठेसं काहीतरी उठल्याचं सांगत होते. मी पहाटे उठून खिडकीतून पाहिलं तर रस्त्यावर घोटाभर पाणी. सेतुराव आधीच उठलेले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट खुर्चीवर घडी घालून ठेवलेली, वर एक कोरा रुमाल. काकू मला म्हणाल्या, रुमाल लाल शाईसाठी, बोटाला लागली तर.

सात वीसला त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी बाहेर काढली, छत्री आणि पुरचुंडी सीटवर ठेवली आणि घागर घेऊन लॉरीच्या रांगेकडे गेले. लॉरी त्या दिवशी आमच्या गल्लीत शिरलीच नाही, लांब मोठ्या रस्त्यावर उभी राहिली. काकू स्वयंपाकघरात. मी ओसरीवर उभा राहून गाडीकडे बघत होतो आणि पाणी चढत होतं. अर्ध्या तासात ते चाकाच्या मध्यावर आलं. समोरच्यांची स्कूटर आडवी झाली आणि तिचे फक्त आरसे दिसायला लागले. आता थोड्या वेळात गाडीच्या इंजिनात पाणी, आणि मग तो बनियन तर काय, अख्खं धोब्याचं गाठोडं आणलं असतं तरी ती सुरू झाली नसती.

मला वाटलं, या घरात डोकं असलेला एक तरी माणूस आहे. पँट गुडघ्यावर घेतली, पाण्यात उतरलो, गाडीत बसलो. किल्ली होतीच. दुसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. रिव्हर्स टाकून, फाटकातून, चढावरून, मी ती सरळ मागे घेऊन ओसरीशी आणून लावली. उतरून इंजिन बघितलं, कोरडं. महिन्याभरात पहिल्यांदा या गावात कुणीतरी काहीतरी वेळेवर केलं होतं, आणि ते मी केलं होतं.

सेतुराव दोन खेपा करून आले तेव्हा आठ वाजून गेले होते. मी ओसरीवरूनच सांगितलं, ‘‘काका, गाडी वाचवली. आणखी दहा मिनिटं राहिली असती तर गेली होती.’’

ते फाटकात थांबले. खांद्यावर घागर. गाडीकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या रिकाम्या जागेकडे. काकू आवाज ऐकून बाहेर आल्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निघालेली गाडी मी परत घरी आणली होती.

त्यांनी घागर आत नेऊन ठेवली, पाय धुतले, इस्त्रीचे कपडे घातले, रुमाल खिशात घातला आणि ओसरीवरच्या खुर्चीत येऊन बसले. समोर भिंतीवर घड्याळ. सव्वाआठ. नऊपर्यंत राहुकाळ.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग समजावलं. मग अक्षरशः हात जोडले. म्हटलं, काका, आत्ता निघालं तर पोचू, नऊला निघून या पाण्यातून चाळीस मिनिटांत जॉर्ज टाउन शक्य नाही. म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही, राहूला काय ते माझ्या नावावर घालायला सांगा. चौतीस वर्षं एका बाजूला आणि एक तास एका बाजूला. काकूसुद्धा म्हणाल्या, आज जावं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘‘तेंही चौतीस वर्षें पाळलें. एक मोडून दुसरें राखलें, तर तें राखलें असें कसें म्हणूं?’’

आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, ‘‘गाडी वांचवलीत तें बरें केलेंत, जावई. परवाइल्ले.’’

त्या शब्दाला मी महिनाभर शिव्या घातल्या होत्या. त्या सकाळी तो ऐकून मला लाज वाटली. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी भांडलो असतो, माझं बरोबर होतं असं सिद्धसुद्धा केलं असतं. गाडी खरोखरच वाचली होती. पण ते पाऊण तास तिथे बसून राहिले, मी शेजारी बसून राहिलो, आणि घड्याळाचा काटा मी आयुष्यात कधी एवढ्या लक्ष देऊन पाहिला नव्हता. सोलापूरचं माझं सगळं शहाणपण त्या पाऊण तासात माझ्या कामाला आलं नाही.

जॉर्ज टाउन

तोवर दारापुढचं पाणी वीतभर ओसरलं होतं, म्हणून नऊला निघता आलं. बटाटा चोळला. मी नुंगंबाक्कमला उतरणार नाही, तुमच्याबरोबर येणार, असं सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

माउंट रोडवर कोंडी म्हणून मांबळमकडून वळसा घेतला, तर रेल्वेखालच्या सबवेत एक लॉरी छातीइतक्या पाण्यात उभी. परत फिरलो. एका झाडाखाली गाडी बंद पडली. या वेळी मी उतरलो, पावसात उभा राहून बनियनने टोपी पुसली, फुंकर मारली, सगळं त्यांच्यासारखंच केलं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात नऊ चाळीस झाले होते. त्यांनी बघितलं, बाही खाली ओढली. त्यानंतर त्यांनी घड्याळ बघितलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला कुठल्याही भाजीची कृती सांगितली नाही.

जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत कांद्याच्या साली, पोत्यांचे तुकडे आणि एक चप्पल तरंगत होती. दुकानं बहुतेक बंद. ऑफिसच्या जिन्यापाशी गाडी लावून वर गेलो तेव्हा दहा वीस. आत आरुमुगम नावाचा म्हातारा शिपाई एकटा, तो खालच्या खोलीतच राहायचा. बाकी सगळी टेबलं रिकामी. मॅनेजर आलेले नाहीत, हेडक्लार्क नाहीत, कुणीच नाही. सबंध ऑफिसात त्या दिवशी पहिले पोचले ते सेतुराव.

मॅनेजरच्या टेबलावर हजेरीची वही उघडी होती. वर आजची तारीख, खाली कोरं पान. एकही सही नाही आणि रेघही नाही.

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. म्हटलं, काका, सुटलात. लिहा नऊ तीस, करा सही. कुणी आलेलंच नाही तर उशीर कुणापेक्षा? आरुमुगमही तामिळमधून तेच म्हणत असावा. तो वहीकडे बोट दाखवून हसत होता.

सेतुरावांनी ओला शर्ट झटकला. रुमालाने हात कोरडे केले, एकेक बोट. मग मॅनेजरच्या खुर्चीकडे गेले, क्षणभर थांबले, आणि बसले. लाल पेन दौतीशेजारी होतं. त्यांनी पट्टी मागितली. आरुमुगमने दिली.

मी म्हटलं, ‘‘काका, आधी सही. मग रेघ.’’

‘‘नऊ चाळीस होऊन गेले,’’ ते म्हणाले. ‘‘रेघ ओढायचा मान माझा आहे. नीट ओढायला होणें.’’

आणि त्यांनी तारखेच्या बरोबर खाली, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्टी धरून, लाल रेघ ओढली. मी रेघांचाच माणूस आहे. इतकी सरळ रेघ मला अजून जमत नाही. शाई वाळेपर्यंत थांबले. मग पेन बदललं, आणि रेघेखाली पहिल्या ओळीत लिहिलं: आर. सेतुमाधव राव, १०.२०. सही केली.

मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डोळे पुसले ते पावसाने ओले होते असं आरुमुगमला वाटलं असेल तर बरं.

अकराच्या सुमाराला लोक एकेक करून यायला लागले, चपला हातात घेऊन. शेवटी मॅनेजर आले, सेतुरावांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्यांनी वही बघितली, रेघ बघितली, तिच्या वरची मोकळी जागा बघितली. पेन पुढे करून सेतुराव उठून उभे राहिले. मॅनेजरने त्यांना हाताने परत खुर्चीत बसवलं, वाकून रेघेखाली सातव्या ओळीत आपलं नाव लिहिलं, ११.०५, आणि सही केली. मग सगळ्यांसाठी कॉफी मागवली.

परत

दोनच दिवसांनी, बुधवारी, माझी परतीची गाडी होती. बुधवारी राहुकाळ बारा ते दीड, आणि आम्हाला निघायचं साडेबाराला. मी अकरा वाजता स्वतःच माझी बॅग उचलली आणि विचारलं, काका, ही शेजारी नेऊन ठेवू का? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, थट्टा करतोय की काय म्हणून. मग पुरचुंडी आणून दिली.

साडेबाराला निघालो. पाऊस होताच. शेजाऱ्यांकडून बॅग घेतली, काच पुसली, बूट मांडीवर घेतले. दलदलीपाशी आलो तेव्हा खिशाला हात लावला, आणि चष्मा उशाशीच राहिल्याचं लक्षात आलं. त्यांनी माझा हात खिशावर थांबलेला पाहिला. गाडीचा वेग कमी केला. ‘‘चष्मा?’’ ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंग वळवायला लागले, घराच्या दिशेने.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, ‘‘निघालेलं माणूस मागे फिरत नाही, काका.’’

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग गाडी सरळ केली. सोलापूर येईपर्यंत मला वर्तमानपत्राची एक ओळ वाचता आली नाही.

चष्मा आठ-दहा दिवसांनी पोस्टाने आला, त्या कोऱ्या रुमालात गुंडाळलेला. रुमालाच्या एका कोपऱ्याला लाल शाईचा ठिपका होता. सोबत चार ओळींची चिठ्ठी, काकूंचे आशीर्वाद, घरातली सगळी खुशाली, आणि शेवटी: ‘पार्सल मंगळवारीं तीन वाजायच्या अगोदर पोस्टांत घातलें आहे. नीट पोहोंचेल.’

नीट पोचलं. काचेला चरासुद्धा नव्हता.